परदेशचा प्रवास आणि गळ्यातले सोने

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आनंदाच्या दिवशी चोरांविषयी बोलावयाचे, हे थोडे विपरीत दिसते खरे. पण चिटणीसबाईंनी हा विषय मुद्दाम सुचविला आणि मला तो योग्यच वाटला. आपल्यापैकी कितीतरी जणी आता परदेशी जाऊन येतात. कोणी यात्रा कंपनीबरोबर पंधरवड्यात पाचसात देश पाहून येतात, कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत सहा सहा महिने राहतात, कोणी मुलाचा नवा संसार पाहावयास लंडनला जातात. निघण्यापूर्वी आपण मेतकूट, भाजणी, लोणचे बांधून घेतो, थंडीचे कपडे जमवितो, औषधांची यादी करतो. गळ्यातल्या आणि हातातल्या सोन्याचे काय करावयाचे, हा विचार मात्र विमानतळावर पोचल्यावर होतो, किंवा होतच नाही. तो आज येथे निवांत बसून करावा, एवढाच माझा हेतू आहे.

पहिली गोष्ट अशी की, ‘तिकडे चोऱ्या होत नाहीत’ हा समज मनातून काढून टाकावा. रस्ते स्वच्छ, गाड्या वेळेवर, माणसे रांगेत उभी, हे पाहून मन निर्धास्त होते. पण पॅरिसचे जगप्रसिद्ध लूव्र संग्रहालय १० एप्रिल २०१३ रोजी दिवसभर बंद राहिले, ते कशामुळे? खिसेकापूंच्या टोळ्या आत शिरतात, हटकले तर अंगावर येतात, असे म्हणून तेथील कर्मचाऱ्यांनीच काम थांबविले होते. पुढे २२ मे २०१५ रोजी आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही याच कारणासाठी काम बंद ठेवले आणि दूरदूरचे प्रवासी खालीच ताटकळत उभे राहिले. रोम शहरात मुख्य स्टेशनापासून व्हॅटिकनच्या बाजूला जाणारी ६४ क्रमांकाची बस आणि बार्सिलोनामधला ‘ला रांब्ला’ हा झाडांच्या सावलीतला रस्ता, ही दोन्ही ठिकाणे जशी प्रवाशांत प्रसिद्ध तशीच खिसेकापूंत. इटलीत चालत्या स्कूटरवरून पर्स किंवा साखळी ओढून नेण्याचा प्रकार इतका रुळलेला आहे की, त्यांच्या भाषेत त्याला ‘शिप्पो’ असा वेगळा शब्दच आहे. आणि तेथील दंडसंहितेत २००१ साली हिसकावून केलेल्या चोरीसाठी स्वतंत्र कलम घालण्यात आले. आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३०४ वे कलम खास हिसकावणीसाठी आहे. तेव्हा या एका बाबतीत मुंबई-पुणे आणि रोम-नेपल्स यांत फारसे डावे-उजवे करण्याजोगे नाही.

मग आपल्या बायकांनाच विशेष सावध का राहावयाचे? त्याचे कारण आपल्या सोन्यात आहे. आपले दागिने बहुधा २२ कॅरटचे असतात, म्हणजे शंभर भागांत जवळजवळ ९२ भाग शुद्ध सोने. अमेरिकेत नेहमीच्या वापराचे दागिने १४ कॅरटचे, म्हणजे ५८ भाग सोन्याचे. इंग्लंडात तर ९ कॅरटचेही सर्रास विकले जातात. त्यात सोन्याचा भाव असा वाढला की, २०२५ साली आपल्याकडे दहा ग्रॅमने एक लाख रुपयांची मर्यादा ओलांडली. शिवाय सोने वितळविले की त्याला ना नाव, ना गाव. आपण ज्याला ‘रोजचे, साधेच’ म्हणतो ते चार बांगड्या आणि एक मंगळसूत्र चोराच्या हिशेबाने साधे नसते, आणि हा हिशेब त्याला पुरता ठाऊक असतो.

आता हे लोक काम कसे करतात ते पाहू. बहुतेक वेळा चोर एकटा नसतो. एकजण तुमचे लक्ष वेधतो, दुसरा वस्तू काढतो, आणि तिसरा ती घेऊन चालता होतो. म्हणून ज्याच्यावर तुमचा संशय जातो, त्याच्यापाशी झडती घेऊनही काही सापडत नाही.

पॅरिसमध्ये नदीकाठाने चालताना पुढचा माणूस एकदम वाकतो, जमिनीवरून पिवळीधमक अंगठी उचलतो आणि विचारतो, “बाई, ही आपली का?” अंगठी पितळेची असते आणि त्यानेच टाकलेली असते. आपण ती हातात घेऊन निरखू लागलो की, त्याने पैसे मागावयास सुरुवात केलीच. आणि पैसे काढण्यासाठी बटवा उघडला म्हणजे तो कोठे असतो तेही त्याला कळले. दुसरीकडे काही मुली हातात पुठ्ठ्यावर लावलेला कागद घेऊन येतात. मुक्याबहिऱ्यांच्या मदतीसाठी सही करा, अशी खूण करतात. तो कागद आपल्या पोटाशी धरलेला असतो, आपण मान खाली घालून सही करतो आणि कागदाच्या आडून दुसरा हात पर्सची चेन उघडीत असतो.

माँमार्त्र टेकडीवर साक्रे-करचे पांढरेशुभ्र देऊळ आहे. त्याच्या पायऱ्यांशी काही तरुण रंगीत दोरे घेऊन उभे असतात. हसत हसत तुमच्या मनगटाला दोरा बांधतात, गाठ पक्की मारतात आणि मग पैशांसाठी अडून बसतात. आपण बायका येथे हटकून फसतो. कारण देवळाच्या दारात कोणी गंडा बांधावयास आला की हात पुढे करावयाचा, ही आपल्याला लहानपणापासूनची सवय. कोठे कोणी अंगावर चटणीसारखे काही सांडतो आणि “अरेरे” म्हणत स्वतःच रुमालाने पुसावयास लागतो. जो पुसतो तोच, किंवा त्याचा जोडीदार, हात मारतो. भुयारी रेल्वेत दार मिटण्याच्या क्षणी ढकलाढकल करून वस्तू ओढणे आणि बाहेर उडी टाकणे, हा प्रकारही तसाच जुना.

तोतया पोलिसाची गोष्ट तर आपल्याला चांगली परिचयाची आहे. आपल्याकडे नाही का, सकाळी दुधाला किंवा देवाला निघालेल्या आजीबाईंना कोणी साध्या वेषातला माणूस गाठतो, “पुढे गडबड झाली आहे, दागिने काढून पिशवीत ठेवा,” असे सांगतो आणि पुडी बांधून देतो? घरी येऊन सोडावी तर आत खडे! युरोपात हाच माणूस साध्या वेषात पुढे येतो, घाईघाईने एखादे ओळखपत्र दाखवितो आणि खोट्या नोटांचा तपास चालू आहे म्हणून पाकीट मागतो. खरा पोलीस रस्त्यात तुमचे पाकीट हातात घेऊन नोटा मोजत नाही. अशा वेळी “चौकीवर चला, तेथे दाखविते,” एवढेच म्हणावे. तोतया असेल तर तो चौकीपर्यंत येणार नाही.

श्रीमंतांनाही हे चुकलेले नाही. दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध अमेरिकन स्त्री किम कार्दाशियन हिला ३ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे पॅरिसमधील तिच्या मुक्कामाच्या जागी बांधून घालून लुटले. लुटारू पोलिसांचे कपडे घालून आले होते. आपल्या अंगठीची छायाचित्रे तिने त्याच सुमारास स्वतःच जगाला दाखविली होती. मे २०२५ मध्ये न्यायालयाने आठजणांना दोषी ठरविले. आपल्याला यातून घ्यावयाचे ते इतकेच की, आज आपण कोठल्या गावी आहोत, कोणत्या हॉटेलात आहोत आणि अंगावर काय घातले आहे, याचे फोटो घरी परत आल्यावर सर्वांना दाखवावेत. तेथून त्याच दिवशी धाडण्याची घाई करू नये.

आता मी ज्या घटनेविषयी सांगणार आहे, ती आपल्या फार जवळची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सॅन होजे, सनीवेल, मिल्पिटास, सँटा क्लारा ही गावे एकमेकांस लागून आहेत. आपली कितीतरी मुले तेथे नोकरीला आहेत. २०२२ च्या जून ते ऑगस्ट या महिन्यांत तेथे रस्त्यात बायकांच्या गळ्यातले हार ओरबाडून नेण्याचे प्रकार झाले. त्या सर्व १४ स्त्रिया हिंदू होत्या, वये ५० ते ७३. बहुतेकींच्या अंगावर साडी किंवा आपल्याकडचा पोषाख, कपाळावर कुंकू. एकीचे मनगट मोडले. दुसऱ्या एकीला जमिनीवर ढकलले आणि तिच्या यजमानांना तोंडावर मारले. सरकारी वकिलांनी आरोपीवर केवळ चोरीचा नव्हे, तर विशिष्ट समाजाच्या स्त्रिया हेरून हल्ला केल्याचाही आरोप ठेवला.

अमेरिका, कॅनडा आणि इंग्लंड या तिन्ही देशांतल्या पोलिसांनी आणखी एका युक्तीविषयी वेळोवेळी सूचना दिल्या आहेत. मोटार हळूच शेजारी थांबते. आत एक बाई, कधी मुलेही. रस्ता विचारतात. आजीबाईंनी सांगितला की बाई गहिवरते, “तुम्ही माझ्या आईसारख्या,” म्हणून हात हाती घेते, मिठी मारते आणि आपल्या गळ्यातली माळ भेट म्हणून त्यांच्या गळ्यात घालते. मोटार निघून जाते. नंतर आरशात पाहावे तो गळ्यात पितळेची माळ, आणि खरी साखळी नाहीशी झालेली!

भगिनींनो, या सगळ्या युक्त्या एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. यांतल्या फार थोड्या अंगबळावर चालतात. बाकीच्या चालतात त्या आपल्या भिडेवर. कोणी विचारले तर उत्तर द्यावे, मदत मागितली तर करावी, दिलेले घ्यावे, वाकून कोणी आपलेपणा दाखविला तर त्याला झिडकारू नये, हे संस्कार आपल्यावर झाले आहेत आणि ते चांगलेच आहेत. पण परमुलखात, रस्त्यावर, अनोळखी माणूस एकदम जवळ आला, तर त्याचे मन मोडेल याची काळजी आपण करावयाची नसते. ज्याला खरोखरच रस्ता विचारावयाचा आहे तो चार हात दूर उभा राहूनही विचारू शकतो. अंगाला हात लावणारा, गळ्यात काही घालणारा, हात धरून ठेवणारा माणूस कोणीही असो, म्हातारा असो की कडेवर मूल घेतलेली बाई असो, त्याला नकार देण्याचा आपल्याला पुरा अधिकार आहे. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. ‘नको’ हा आपला शब्द जगात कोठेही समजतो. मात्र तो मोठ्याने म्हणावयास हवा, आणि म्हणताना पाय थांबता कामा नयेत.

याचा अर्थ सगळे परके चोर असे कोणी समजू नये. वाट चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला हात धरून स्टेशनवर पोचविणारेही तेथे भेटतात. आणि चोरांवरून एखाद्या जातीला किंवा जमातीला नावे ठेवणे हे तर अगदीच गैर. कॅलिफोर्नियातल्या त्या बायका तशाच नजरेने हेरल्या गेल्या होत्या, हे आपण विसरू नये.

आता सोन्याचे काय करावयाचे? माझे स्पष्ट मत आहे की सोने घरी ठेवून, म्हणजे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून जावे. “मग नकली घालून जाऊ,” असे पुष्कळजणी म्हणतात. पण धावत्या स्कूटरवरून चोराला खऱ्याखोट्याची पारख करावयास सवड नसते. नकली हार तुटला तर पैशांचे नुकसान होत नाही, पण मान कापते ती कापतेच, आणि पडून हाड मोडावयाचे ते मोडतेच. लग्नमुंजीसाठी जाणे असेल आणि दागिने न्यावयाचेच असतील, तर ते हातातल्या सामानात न्यावेत, विमानात सोडावयाच्या पेटीत नव्हे. निघताना विमानतळावरच्या कस्टमच्या कचेरीत दाखवून त्यांचा दाखला घ्यावा, म्हणजे परत येताना ‘हे कोठून आणले’ हा वाद उद्भवत नाही. समारंभाच्या ठिकाणी पोचल्यावर घालावेत आणि निघण्यापूर्वी उतरवावेत.

मंगळसूत्राविषयी बोलताना मला संकोच वाटतो, कारण प्रत्येकीची भावना निराळी असते आणि ती दुखवावी असे मला वाटत नाही. ते गळ्यातून काढणे अनेकींना अशुभ वाटते. पण सौभाग्याची खूण म्हणावयाची ती काळ्या मण्यांची. काळी पोत दोऱ्यात ओवून, सोन्यावाचून, पदराखाली किंवा गळपट्ट्याखाली घातली तर रिवाजही राहतो आणि गळाही सुरक्षित राहतो. लोकलने रोज जाणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनींनी ही तोड केव्हाच काढली आहे. ज्यांना एवढेही पटत नसेल त्यांनी निदान बंद गळ्याचा कपडा वर घालावा. येथे घरच्या माणसांनाही एक सांगणे आहे. स्त्रीच्या अंगावरचे सोने हे तिचे स्त्रीधन. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने तिच्या मालमत्तेवरचा तिचा पूर्ण हक्क मान्य केला. तेव्हा व्याह्यांना दिसावे म्हणून ते घालून जा, किंवा लोक काय म्हणतील म्हणून काढू नकोस, असा आग्रह दुसऱ्या कोणी धरू नये. काय घालावयाचे आणि काय ठेवून जावयाचे, हे जिचे आहे तिने ठरवावे.

पैसे आणि कागदपत्रे यांची व्यवस्था सोपी आहे. मूळ पासपोर्ट, एक कार्ड आणि मोठ्या नोटा कपड्यांच्या आत, कमरेला बांधावयाच्या पातळ पिशवीत असाव्यात. आपल्या आज्या कनवटीला पैसे लावीत, ती युक्ती आजही तितकीच चांगली आहे. वरच्या पर्समध्ये त्या दिवसापुरते पैसे आणि पासपोर्टची प्रत असावी. दुसरे कार्ड मुक्कामी, तिजोरीत. पर्सचा पट्टा खांद्यावरून आडवा घ्यावा, पर्स पुढे ठेवावी आणि रस्त्याच्या कडेने चालताना ती गाड्यांच्या बाजूस न ठेवता भिंतीच्या बाजूस ठेवावी. खाणावळीत पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवू नये. हॉटेलमधल्या नाश्त्याच्या हॉलमध्ये खुर्चीवर पर्स ठेवून जागा राखावयाची आणि ताटली घेऊन उठावयाचे, ही आपली लग्नघरची सवय तेथे महागात पडते.

इतके करूनही चोरी झाली तर? कोणी साखळी ओढली तर ती सोडून द्यावी. तिला धरून राहू नये, मागे धावू नये. सोने पुन्हा करता येते. सत्तरीत मोडलेले हाड लवकर जुळून येत नाही. मग युरोपात ११२ आणि अमेरिका-कॅनडात ९११ या क्रमांकावर पोलिसांना बोलवावे. लेखी तक्रार जरूर करावी आणि तिची प्रत मागून घ्यावी, कारण तिच्यावाचून विमा कंपनीपुढे मागणी टिकत नाही. व्हिसासाठी आपण जो विमा उतरवितो त्याविषयीही गैरसमज आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी निदान तीस हजार युरोचा विमा लागतो, पण तो आजारपणासाठी असतो. त्यात दागिन्यांची भरपाई बसते असे धरून चालू नये. पासपोर्ट गेला तर पोलिसांचा कागद घेऊन भारतीय वकिलातीत जावे. तेथे मायदेशी परतण्यापुरते तातडीचे प्रमाणपत्र मिळते. कार्ड गेले तर बँकेला लगेच कळवून ते बंद करावे. बँकेचा तो क्रमांक चोरीला गेलेल्या फोनमध्येच असला तर काय उपयोग? तो वहीत लिहून सोबतच्या माणसापाशीही द्यावा.

शेवटी जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. चोरी झालेली बाई घरी येते तेव्हा तिला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? “तुझे लक्ष कोठे होते?” या एका प्रश्नाच्या धास्तीने कितीतरी आज्या मुलाला, सुनेला काही सांगत नाहीत, पोलिसांकडे जात नाहीत, आणि पुढे घराबाहेर पडावयाचेच सोडून देतात. परक्या देशात मुले कामावर गेल्यावर सकाळची एक फेरी हाच ज्यांचा विरंगुळा, त्यांची ती फेरीही बंद होते. गेलेल्या साखळीपेक्षा हे नुकसान मोठे आहे. हे लोक या कामात मुरलेले असतात. त्यांच्यापुढे लूव्रच्या पहारेकऱ्यांनीही हात टेकले, तेथे आपल्या आईने काय करावे? तेव्हा घरच्यांनी प्रथम विचारावे, “तुला लागले नाही ना?” आणि मग तिच्याबरोबर पोलिसांकडे जावे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासोबत चार पावले फिरावयासही जावे.

आपल्या मंडळाला माझी एक विनंती आहे. उन्हाळ्यात परदेशी निघणाऱ्या भगिनींसाठी जाण्यापूर्वी एक दुपार राखून ठेवावी. ज्या जाऊन आल्या त्यांनी अनुभव सांगावेत, कमरेच्या पिशव्या आपल्या शिवणवर्गाने शिवून द्याव्यात, क्रमांक लिहून द्यावेत, आणि एकमेकींना मोठ्याने ‘नको’ म्हणण्याचा सराव करावा. हसू येईल, येऊ द्यावे. पण आपल्यापैकी पुष्कळजणींनी हा शब्द जन्मात मोठ्याने उच्चारलेला नाही, आणि तो आयत्या वेळी तोंडून निघत नाही.